खापरमायची हद्द

खान्देशातल्या बाया देवी घरच्या घरी घडवतात. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, ओठ लावतात, नथ घालतात, चौरंगावर मांडून बांगड्या, हार, खण चढवतात, आणि काल दुकानातून आणलेला नारळ घरातली सगळ्यांत मानाची बाई होतो. तिच्या रोटांचे गहू घेताना घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजतात. कुठे फक्त पुरुषांच्या नावाने, कुठे लहानमोठ्या सगळ्यांच्या. घरागणिक रीत बदलते. ते रोट भाऊबंदकीतच खाल्ले जातात. रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी कानबाई वाजतगाजत नदीवर निघते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मुली मातीची गुलाबाई मांडतात. महिनाभर टिपऱ्या, गाणी, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ, आणि कोजागिरीला निरोप. मग उन्हाळ्यात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गौराई. वर्षभर मुक्काम करणारी यांतली एकही नाही.

हे सगळं पाहत वाढलेली एखादी एकटी पोर झोपेत स्वतःसाठी राखणदार देवी उभी करते, तेव्हा ती घरातलीच विद्या वापरत असते. हाताशी असलेली वस्तू उचलायची, तिला चेहरा द्यायचा, माप ठरवायचं, मुदत ठरवायची, मुदत सरली की निरोप द्यायचा. अशा मुलींवर गोष्टी लिहिणारे मात्र ही विद्या विसरतात आणि थेट कॅलेंडरवरची देवी आणतात. डोक्यामागे तेज, हातांची रांग, अशक्य असं काहीच नाही. ती दोन पानांत ढासळते, आणि घरात खरोखरच अशी पोर असेल तर तिच्या मनातून तर दोन रात्रींत उतरते. टिकणारी देवी कशी बांधतात, हे एक देवी पायापासून रचूनच नीट कळेल. तिचं नाव खापरमाय. ती खान्देशात कुठेही पुजली जात नाही, इथे लिहिण्यापुरती रचली आहे. तिची सामग्री तेवढी खरी आहे.

आधी पोर. ती सात ते नऊ वर्षांची धरावी, आणि याला कारण आहे. डेव्हिड फोक्स या अमेरिकन अभ्यासकाने मुलांना प्रयोगशाळेत झोपवून, मधेच उठवून, त्यांची स्वप्नं वर्षानुवर्षं नोंदवली. चार-पाच वर्षांच्या मुलांची स्वप्नं फार थोडी आणि थिजलेली निघाली: एखादं जनावर, एखादी जागा, हालचाल जवळपास नाहीच. स्वप्नात स्वतः चालणारी, बोलणारी, काही करणारी 'मी' साधारण सात-आठच्या सुमाराला दिसू लागते. त्याआधीच्या पोरीला स्वप्नात देवीशी लांबलचक संवाद करायला लावला की लिहिणारा मोठा माणूस आहे हे लगेच कळतं.

तिचं एकटेपणही नेमकं हवं. दसरा-दिवाळी आटोपली की खान्देशातली कितीतरी घरं अर्धी रिकामी होतात. धुळे-नंदुरबारकडून दक्षिण गुजरातेत, चाळीसगावकडून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतता येत नाही. तान्हं पोर फडावर सोबत नेतात, शाळेत जाणारी पोर आजीकडे राहते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे हे एकटेपण 'कधी न संपणारं' नसून त्याला एक टोक आहे, फक्त ते मुलीला दिसत नाही. देवीची पहिली गरज इथे निर्माण होते आणि तिची मुदतही इथेच ठरते.

अशी पोर हवेशी बोलताना दिसली की घरातली माणसं घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांनी कधी ना कधी काल्पनिक सोबती केलेला आढळला. ती मुलं तिकडची असली तरी दोन निरीक्षणं आपल्याही कामाची आहेत. एक, मुलांना तो सोबती खोटा आहे हे पक्कं माहीत असतं. दुसरं, हा सोबती नेहमी ऐकतोच असं नाही. तो रुसतो, उशिरा येतो, सांगितलेलं मोडतो. दुसरी गोष्ट गोष्टीकारांनी मनावर घ्यावी. सांगितल्याबरोबर हजर होणारी देवी मोठ्यांना आवडते. मुलांच्या मनात आपोआप उगवलेली देवी जरा हट्टी असते.

आता गाव. स्वप्नातलं जग नवं बांधायची गरज नाही, गावाचा नकाशाच पुरतो. आपल्याकडे वस्तीची जमीन ती पांढरी आणि शेतीची ती काळी. दोन्हींवर देवांच्या हद्दी आधीच वाटलेल्या आहेत. गावाच्या कडेला मरीमाय, शेताच्या बांधावर म्हसोबा, विहिरीच्या किंवा नदीच्या काठाला शेंदूर फासलेले साती आसरांचे सात दगड, पिंपळाखाली मुंजोबा. एकाची जागा दुसरा घेत नाही. भर दुपारी पोरांनी विहिरीवर जाऊ नये असं आसरांच्या नावाने सांगतात, ते मरीमायच्या नावाने सांगत नाहीत. या वाटणीत झोपेला वाली नाही. गोधडीत शिरल्यापासून चूल पेटेपर्यंतचा हा पट्टा मोकळा आहे, आणि खापरमायला तोच द्यायचा. एक तसूही जास्त नाही.

हद्द आखायला इतका आग्रह का, तर मुलं हिशेब चोख करतात. देवीला सगळं जमत असेल तर पोर दुसऱ्याच रात्री विचारते: मग माझ्या मायला का आणत नाहीस? याला उत्तर नाही. 'देवीची इच्छा' म्हटलं तर देवी दुष्ट ठरते. 'तू शहाण्यासारखी वाग, मग आणेन' म्हटलं तर मायबापाचं न येणं पोरीच्या वागण्यावर जातं, आणि यापेक्षा वाईट ओझं सात वर्षांच्या जिवावर दुसरं नाही. म्हणून खापरमायला पहिल्याच भेटीत सांगू द्यावं की मी तापी ओलांडत नाही, मी कोयता उचलत नाही, मुकादम माझं ऐकत नाही. मी इथे बसते. एवढं कबूल केलेल्या देवीवर पोर विश्वास ठेवते, कारण आजीही तशीच आहे: तिलाही मायला आणता येत नाही, पण ती बसते.

वणीच्या गडावरची सप्तशृंगी अठरा हातांची आहे. चैत्रात खान्देशातून माणसं उन्हातान्हात चालत तिच्याकडे जातात, आणि ते थोर रूप आहे यात शंका नाही. पण ती मोठ्यांची, साऱ्या मुलखाची देवी. एका पोरीच्या गोधडीपाशी अठरा हात मावत नाहीत. खापरमायला दोनच हात द्यावेत आणि तेही रिकामे, मांडा म्हणजे पुरणाची मोठी पोळी फिरवून फिरवून सवय झालेले.

आता तिचं अंग, कारण देवीला अंग नसेल तर ती नुसती कल्पना राहते आणि कल्पना स्वप्नात फार वेळ टिकत नाही. दिवसा निरखून पाहिलेली वस्तू रात्री येण्याची शक्यता जास्त, म्हणून वस्तू रोज नजरेस पडणारी पण रोज न वापरली जाणारी हवी. तवा चालत नाही, तो सकाळ-संध्याकाळ आजीच्या हातात असतो. खापर चालतं. मांडे भाजायचं हे मातीचं पसरट भांडं, हात-सव्वा हात रुंद. चुलीवर ते पालथं ठेवतात. जाळ आतल्या पोकळीला लागतो आणि बाहेरच्या घुमटावर, दोन्ही हातांवर फिरवून मोठी केलेली पुरणाची पोळी पसरतात. त्यामुळे बाहेरची बाजू तपकिरी राहते आणि आतली काजळीने काळीभोर होते. सण नसताना ते भिंतीला टेकून नुसतं पडलेलं असतं.

चेहरा काढायचा तो आतल्या काळ्या बाजूला. पोकळ मुखवट्याकडे मंद उजेडात पाहिलं की तो आत गेलेला न दिसता फुगीर दिसतो, आणि पाहणारा सरकला की मुखवटाही वळतोय असं भासतं. डोळ्यांतली बाहुली अगदी मधोमध काढली की हा भास वाढतो. पोर कुशीवर वळली तरी देवी तिच्याकडेच पाहते. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही, ती अन्नाची बाजू.

रंग तांदळाच्या पिठाचा. चुना मुलांच्या हातात देऊ नये, डोळ्यात गेला तर इजा करतो. बाजारचं कुंकू आणि ऑइलपेंट अन्नाच्या भांड्याला नको. दोन चमचे बारीक पीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालत कालवावं, बोटावरून ओघळणार नाही इतकं दाट. काजळी तेलकट असते, पाणी धरत नाही. म्हणून जिथे डोळे काढायचे तिथली सुटी काजळी आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. हे केलं नाही आणि पीठ पातळ झालं, तर डोळ्यांतून पांढरे ओघळ खाली येतात. सकाळी पोरीला रडणारी देवी दिसते, आणि मग ती का रडली याची शंभर कारणं पोर मनात तयार करते. पिठात गूळ घालू नये, मुंग्या लागतात. तोंड मिटलेलं काढावं, किंवा काढूच नये. दात तर मुळीच नकोत. जागेपणी हसरे वाटणारे दात झोपेत वेगळे दिसतात.

चेहरा पोरीनेच काढायचा. मोठ्याने हात धरून सुबक काढून दिलेल्या चेहऱ्यात तिची देवी येत नाही. एक डोळा वर, एक खाली, भुवया नाहीतच, असं होऊ द्यावं. मोठ्यांचं काम खापर नीट ठेवण्यापुरतं: उशापाशी उभं करायचं नाही, जड असतं, झोपेत लाथ लागली तर अंगावर येईल. हातभर लांब, भिंतीला टेकवून, खाली फडक्याची चुंबळ.

हिवाळ्यात घरात आणि फाल्गुनानंतर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपतात. धाब्यावर देवी न्यायची का? मला वाटतं, नेऊ नये. वर चांदण्या आहेत, शेजारच्या धाब्यांवर माणसं आहेत, कुणी खोकतं, कुणी रेडिओ लावतं. पोरीला तिथे राखणदार कमी लागते. पण तिने मागितलीच तर खापर न हलवता 'ती खालून ऐकते' एवढं पुरतं. राखण करायला दिसावंच लागतं असं नाही, हे ओघाने तिला कळलं तर पुढच्या निरोपाला मदत होते.

वेळेचा हिशेब गोष्टीकाराने जरूर करावा. झोपेत स्वप्नांचे टप्पे साधारण दीड-दीड तासाने येतात आणि रात्र सरेल तसे लांबतात. सगळ्यांत मोठी आणि रंगलेली स्वप्नं पहाटेकडची, आणि भीतीचीही बहुतेक तेव्हाचीच. खापरमाय मध्यरात्री थोर पराक्रम करते आणि पहाटे निघून जाते असं लिहिलं तर ते उलटं झालं. ती पहाटेपर्यंत थांबलीच पाहिजे. याउलट, झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत पोर किंचाळत उठली, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतली दचक. तिथे देवीचा उपयोग नाही. हलवून जागं करू नये, पडणार-लागणार नाही एवढं पाहावं, थोड्या वेळात ती आपोआप निवते. सकाळी तिला 'रात्री काय पाहिलंस?' म्हणून खोदू नये, कारण तिने काहीच पाहिलेलं नसतं आणि विचारल्यामुळे ती काहीतरी रचते.

हद्दीचा शेवटचा दगड वासाचा. स्वप्नात दिसतं खूप, ऐकूही येतं, पण वास आणि चव फार क्वचित येते. म्हणून लिहिताना स्वप्नाच्या आत कळण्याच्या भाकरीचा घमघमाट सोडू नये. तो वास आला म्हणजे जाग आली: चुलीत काटक्या पेटल्या, उडीद-ज्वारीचं पीठ तव्यावर पडलं, खापरमायची पाळी संपली आणि आजीची सुरू झाली. हा ठेका रोज सांभाळला तर गोष्ट वाचणाऱ्या मुलालाही सांगावं लागत नाही की आता उजाडलं.

तिचं बोलणं अहिराणीत. शाळेत प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि मायेची भाषा फडावर गेलेली; ती भाषा रात्री परत आली पाहिजे. थोडकं बोलावं. 'जप वं माय, मी जागी शे.' म्हणजे झोप गं माय, मी जागी आहे. एवढ्या वाक्यावर एक अख्खी रात्र निघते. पोर विचारणारच, माय कधी येईल. तारीख सांगायची नाही. साखर कारखाना कधी बंद होईल हे देवीलाच काय, मुकादमालाही नक्की माहीत नसतं. सांगितलेली तारीख चुकली की देवीचं सगळं बोलणं खोटं पडतं. 'माले ठाऊक नही' म्हणणारी देवी चालते. त्यापुढे तिने खुणा द्याव्यात, ज्या पोर स्वतः तपासू शकते. आधी कपाशीची शेवटची वेचणी होईल. मग दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी राहील, तिचं कणीस भरेल, कापणी होईल. मग पळस पेटेल, पानं नसलेल्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं. 'पयस फुलना का वं?' असं देवी रात्री विचारते आणि पोर दिवसा बांधावर जाऊन पाहून येते. मग कडुनिंबाला कोवळी पालवी आणि गुढीपाडवा. मग आंब्याला कैऱ्या, झोके, आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात त्या सुमाराला फडावरची माणसंही परततात. वाट पाहण्याला असं पायऱ्यांनी विभागलं की प्रत्येक पायरी ओलांडल्याचं समाधान मिळतं, आणि दिवसाउजेडी पोर घराबाहेर पडते हा मोठा फायदा. कोपऱ्यात बसून देवीशीच बोलत राहणाऱ्या पोरीला बाहेर काढायचं कामही देवीनेच करावं.

नैवेद्याला माप हवं, कारण मागणाऱ्या देवीला अंत नसतो. कानबाईचं सव्वाचं माप इथे लहान करून घ्यावं: पोरीची सव्वा चिमूट, भाकरीच्या कोराची. ती सकाळी अंगणात चिमण्या-मुंग्यांना टाकायची. विसरली तर काही होत नाही, आणि हे देवीनेच एकदा सांगून टाकावं. उपास नको, नवस नको, 'अभ्यास केला नाहीस तर खापरमाय रागावेल' हे तर कधीच नको. घरातली मोठी माणसं इथे हमखास घसरतात. देवी हाताशी आली की तिचा धाक वापरावासा वाटतो. दूध पाजायला, भांडी घासायला, गप्प बसवायला. ज्या दिवशी राखणदाराचा धाक दाखवला त्या रात्री ती राखणदार राहत नाही. स्वप्नात जो पाठलाग करतो तोच चेहरा तिचा होतो, आणि एकदा झाला की धुऊन निघत नाही.

वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा येत असेल, समजा नदीला पूर आला आहे आणि पलीकडे माय उभी आहे, तर त्यावर एक चांगला उपाय आहे. डॉक्टरही वापरतात. दिवसा, उजेडात, जेवण होऊन पोट भरलेलं असताना, त्या स्वप्नाचा शेवट पोरीने बदलायचा. कसा बदलायचा ते तिने ठरवायचं. मग तो बदललेला शेवट रोज दहा ते वीस मिनिटं मनात फिरवायचा, चित्र काढून किंवा तोंडाने सांगून, असं काही आठवडे. खापरमाय इथे उपयोगी पडते. ती पूर थांबवत नाही, नदीवर तिची सत्ता नाही; पण पोर काठावर बसते तेव्हा ती शेजारी बसते, आणि पाणी उतरेपर्यंत दोघी खडे मोजतात. अशा बदलात बळ आहे, कारण तो पोरीला पटतो.

हे बिघडतं ते तीन ठिकाणी. निजायच्या वेळी सराव केला तर भीतीचा भाग ताजा होऊन झोपेत जातो. जुना, भयंकर भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावला तर तोच पाठ होतो; सराव नव्या शेवटाचाच. आणि मोठ्याने शेवट सुचवला, 'मग देवीने मायला उचलून आणलं' वगैरे, तर पोर मान हलवते आणि रात्री तेच जुनं स्वप्न बघते.

आता सगळ्यांत मोठा धोका, आणि तो पोरीच्या मनात नसून गल्लीत आहे. 'हिला रात्री देवी दिसते' ही बातमी ओट्यावर गेली की तिला पाय फुटतात. कुणी पाया पडतं, कुणी प्रश्न विचारतं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, भगताला दाखवा. खेळातली देवी सकाळपर्यंत अंगातली देवी होते, आणि आठ वर्षांच्या पोरीवर गावाच्या आजारपणांची, हरवलेल्या बैलांची उत्तरं देण्याची पाळी येते. काहींच्या वाट्याला मारझोड, धूर, चटके येतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणं गुन्हा आहे, हे आजी-आजोबांना ठाऊक असावं. त्याहून सोपं म्हणजे गोष्ट घरातच ठेवावी. खापरमाय एकीची आहे. तिला दुसरा भक्त लागत नाही, ओटा लागत नाही, शेंदूर लागत नाही. गोष्ट लिहितानाही हा मोह टाळावा: शेवटी सगळं गाव देवीला मानू लागलं असं दाखवलं की पोरीची देवी तिच्याकडून काढून घेतली गेली.

आणि जिथे देवीने भागणार नाही ती जागाही ओळखता आली पाहिजे. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, जेवण तुटलं, शाळा सुटली, आठवड्यातून कित्येक रात्री तेच स्वप्न, दिवसाही आवाज ऐकू येतो आणि तो काही करायला भाग पाडतो, किंवा स्वप्नातला पाठलाग करणारा माणूस ओळखीचा निघतो, तर तिथे थांबायचं नाही. शेवटची खूण विशेष गंभीर. तिचं बोलणं न टोकता ऐकून घ्यावं. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या आजारांसाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक फुकट आहेत, जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. खापर भिंतीला असू द्यावं, त्याने उपचारात अडथळा येत नाही.

निरोप देवी बसवतानाच ठरवायचा असतो. कानबाईच्या पाठी नदी ठरलेली, गुलाबाईच्या पाठी कोजागिरी ठरलेली, म्हणून त्यांचं जाणं कुणाला अशुभ वाटत नाही. ज्या काल्पनिक देवीला मुदत नाही ती मायबाप परत आल्यावर अडचण होऊन बसते: पोर त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे बोलते, आणि सहा महिने ऊस तोडून आलेल्या आईच्या काळजाला ते लागतं. खापरमायची मुदत खापरातच आहे. आखाजीला मांडे करायचे म्हणजे ते चुलीवर चढणार. जाळ आतल्या बाजूला लागतो, तिथेच चेहरा आहे. तांदळाचं पीठ आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, मग काजळीत मिसळून जातं. वरच्या बाजूला त्याच वेळी मांडा भाजला जातो आणि पहिला मांडा पोरीच्या ताटात. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत हवं, ऐनवेळी सांगून दगा करायचा नाही. खापर महिनोन्महिने पडून असल्याने ओल धरतं. एकदम मोठ्या जाळावर ठेवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडकतं. त्या दिवशी तडकणं फार वाईट, पोरीला ते देवीचं मरण वाटेल. म्हणून आदल्या दिवशी उन्हात ठेवावं, मग मंद विस्तवावर हळूहळू तापवावं.

ती नको म्हणाली तर? तर नकोच. शेजारून खापर मागून आणावं, मांडे त्यावर होतील. जबरदस्तीने पुसलेली देवी मनातून जात नाही. बहुतेक वेळा माय घरात चार-आठ दिवस राहिली, रात्री कुशीत झोपली, की पोर स्वतःच खापर चुलीकडे नेते किंवा नुसतं विसरून जाते. हंगाम लांबला आणि आखाजीला माणसं आलीच नाहीत, तर पुढची खूण मिरगाची ठेवावी. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो, पेरणीच्या आत सगळे कोयते परतलेले असतात.

आणि ज्या पोरीची माय परतणारच नाही, तिला आखाजीची किंवा मिरगाची मुदत देऊ नये. तिची देवी कधी जायची ते तीच ठरवील. खापर तिच्यासाठी वेगळं काढून ठेवावं, मांड्यांसाठी नवं कुंभाराकडून आणावं. वर्ष लागेल, दोन लागतील. काल्पनिक सोबती बहुतेक न सांगताच विरून जातात, मूल शाळेत, मैत्रिणींत, कामात रमलं की त्यांच्याकडे येणं कमी होतं. त्या दिवसांत 'तुझी खापरमाय कुठे गेली?' असं कुणीही विचारायचं नाही.